थोरला दवाखाना आणि लेकरांचा श्वास

कोल्हापुरात सीपीआर कुठं आहे हे रिक्षावाल्याला सांगावं लागत नाही. जुनी माणसं मात्र अजूनही त्याला थोरला दवाखानाच म्हणतात. भाऊसिंगजी रस्त्याजवळच्या या काळ्या दगडी इमारतीचं मूळ नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल. १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येऊन गेलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सचं हे नाव. पुढं ते जाऊन छत्रपती प्रमिलाराजेंचं नाव लागलं आणि त्या नावाची तीन आद्याक्षरं लोकांच्या तोंडी बसली. इमारत १८८० च्या दशकातली. तेच दशक लेकरांच्या श्वासाच्या इतिहासातही मोठं धामधुमीचं होतं. १८८३ मध्ये एडविन क्लेब्जला घटसर्पाचे जंतू दिसले, १८८४ मध्ये फ्रिडरिश लोफ्लरने ते वेगळे वाढवून दाखवले आणि १८८५ मध्ये न्यूयॉर्कच्या अनाथ मुलांच्या रुग्णालयात जोसेफ ओड्वायर या डॉक्टरने घटसर्पाने गुदमरणाऱ्या मुलांच्या कंठात तोंडावाटे बारीक धातूची नळी बसवण्याची रीत प्रसिद्ध केली.

घटसर्पात घशात करड्या रंगाचा पापुद्रा धरतो. तो श्वासनलिकेत उतरला की मूल डोळ्यांदेखत निळं पडतं. अशा वेळी त्या काळच्या डॉक्टरच्या हातात, मग तो पॅरिसचा असो वा कोल्हापूरचा, एकच उपाय होता: गळ्याला बाहेरून छेद घेऊन हवेला वाट करून द्यायची. छेद घेऊनही पुष्कळ मुलं जात. ओड्वायरच्या नळीने सुरीची गरज टळली, पण ती नळी आंधळेपणाने, केवळ बोटाच्या अंदाजाने बसवावी लागे. हात बसलेला असेल तर काही क्षणांचं काम, नसेल तर मूल हातातच जायचं.

लेकरांच्या श्वासाच्या उपचाराचा इतिहास बहुधा यंत्रांच्या नावांनी सांगतात. लोखंडी फुप्फुस, व्हेंटिलेटर, इनक्युबेटर अशी ती मालिका असते. कोल्हापुरात उभं राहून पाहिलं तर ही मालिका फार विरळ दिसते, कारण यातलं प्रत्येक यंत्र इथं पोचेपर्यंत कित्येक वर्षं उलटली होती. मधल्या काळात मुलं वाचली किंवा गेली ती दुसऱ्याच एका गोष्टीवर: जे काही साधन आहे ते कुणाच्या हाती द्यायला समाज आणि डॉक्टर मंडळी तयार होती.

दवाखान्याआधी हा हात घरातल्या म्हातारीचा होता. "पोराची छाती भरल्या," "पोट उडतंय बघ" ही निदानं तिचीच, आणि गंमत म्हणजे ती चूक नव्हती. न्यूमोनियात फुप्फुस कडक होतं, हवा ओढायला जोर लागतो, श्वास भरभर होतो आणि बरगड्यांखालची जागा आत खेचली जाते. पोट उडणं ते हेच. पुढं जागतिक आरोग्य संघटनेने ज्या खुणांवर सारी पद्धत उभारली, त्या इथल्या आयाबायांना तोंडपाठ होत्या. उपचार मात्र संमिश्र. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकायची, विड्याच्या पानाला तेल लावून ते कोमट करून ठेवायचं, वेखंड, पिंपळी, काकडशिंगी सहाणेवर उगाळून मधातून चाटवायचं. यातून ऊब मिळे, कफ थोडा सुटे, आणि आईला काहीतरी केल्याचं समाधान. निखाऱ्यावर ओवा टाकून बंद खोलीत दिलेली धुरी मात्र आधीच धापणाऱ्या छातीला आणखी धूर पाजत असे. सर्वांत वाईट डागणं. तापलेल्या लोखंडाने किंवा बिब्ब्याने पोटावर, छातीवर चटके देण्याची चाल महाराष्ट्रात अनेक भागांत होती. मेळघाटात तिला डम्मा म्हणतात आणि तिथून तान्ह्या बाळाला असे चटके दिल्याच्या बातम्या २०२५ मध्येही आल्या.

कोल्हापूरची हवा या दुखण्यांना पोषकच. पश्चिमेला गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीचा मुसळधार पाऊस. चार महिने भिंतींना ओल, सरपण ओलं आणि त्या ओल्या सरपणाचा धूर कोंडलेल्या स्वयंपाकघरात तान्हं मूल आईच्या मांडीवर. पूर्वेला आणि नदीकाठाला उसाचे मळे. त्या मळ्यांची गोष्ट पुढं येईल.

१८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि आजाऱ्याचा मार्ग बदलला. पाठोपाठ, १८९४ मध्ये, अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर विल्यम वानलेस यांनी मिरजेत रुग्णालय उघडलं. शस्त्रक्रियांसाठी त्याचं नाव लांबवर झालं. कोल्हापूर संस्थानातली माणसं गाडीत बसून मिरजेला जाऊ लागली. पुढं मिशनचं मेरी वानलेस हॉस्पिटल खुद्द कोल्हापुरातही आलं. १९२० मध्ये वानलेस यांनी मिरजेजवळ क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं. त्या वस्तीला आजही वानलेसवाडी म्हणतात. क्षयावर औषध नव्हतं. मोकळी हवा, विश्रांती, दूध-अंडी हाच उपचार. श्वासाच्या आजारावर हवा हेच औषध म्हणून देणारी आणि त्यासाठी माणसाला महिनोन्महिने ठेवून घेणारी ही या मुलखातली जुनी, मोठी संस्था.

थोरल्या दवाखान्यातला याहून महत्त्वाचा बदल माणसाचा होता. संस्थानात मुलींच्या शाळा सांभाळणाऱ्या रखमाबाई केळवकर यांची मुलगी कृष्णाबाई शाहू महाराजांच्या पाठिंब्याने डॉक्टर झाली, परदेशी शिकून आली आणि आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात रुजू झाली. काम मुख्यतः बाळंतपणाचं आणि बायकांच्या आजारांचं. पण बाई डॉक्टर आहे म्हटल्यावर पोर घेऊन येणाऱ्या आईचा संकोच किती कमी झाला असेल, याचा हिशेब कुठल्याच दप्तरात सापडत नाही. इतिहास लिहिणाऱ्यांनी इमारतीच्या कमानी मोजल्या. कृष्णाबाईंचा मान त्या कमानींच्या वरचा ठरायला हवा.

घटसर्पावरचा खरा तोडगा नळीने दिला नाही, घोड्यांनी दिला. १८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो किटासाटो यांनी दाखवलं की जंतूंचं विष थोडं थोडं टोचलेल्या प्राण्याच्या रक्तात त्यावरचा उतारा तयार होतो. त्यासाठी बेरिंगला १९०१ मध्ये वैद्यकाचं पहिलंवहिलं नोबेल मिळालं. घोड्याचं अंग मोठं, रक्त भरपूर. त्यामुळे उतारा बनवण्याचं काम त्याच्याकडे आलं. महाराष्ट्रात हे काम परळच्या हाफकिन संस्थेने केलं, आणि तिथं येणारे काही घोडे पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे, शर्यतीतून निवृत्त झालेले असत. आपले घोडे दुसऱ्याला देऊन त्यांच्यापासून बनलेलं औषध विकत घेण्यापेक्षा ते आपणच का बनवू नये, या विचारातून सायरस पूनावालांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली. सुरुवात धनुर्वाताच्या उताऱ्याने झाली. मग घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींवरची त्रिगुणी लस आली. १९७८ मध्ये देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू झाला, १९८५ पासून तो सार्वत्रिक करण्याचं ठरलं, आणि गळ्याला छेद घेण्याची वेळ क्वचित येऊ लागली. आजच्या बालरोगतज्ज्ञांपैकी अनेकांनी घटसर्पाचा पापुद्रा फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला असतो. श्वासाच्या उपचारात याहून मोठा विजय नाही. लस टोचणारी परिचारिका त्याची शिलेदार, पण तिची गणना कुणी श्वासोपचारात करत नाही.

आता यंत्रांकडे वळायला हरकत नाही. ऑक्टोबर १९२८ मध्ये बोस्टनच्या मुलांच्या रुग्णालयात पोलिओने श्वास बंद पडत चाललेल्या आठ वर्षांच्या मुलीला फिलिप ड्रिंकरने बनवलेल्या लोखंडी पेटीत ठेवलं. डोकं बाहेर, धड आत. पेटीतला दाब कमी-जास्त केला की छाती आपोआप फुलायची आणि बसायची. थोड्याच मिनिटांत मुलगी शुद्धीवर आली. हेच ते लोखंडी फुप्फुस. महाग, अजस्र आणि अखंड विजेवर चालणारं.

आणि मग १९५२ च्या ऑगस्टमध्ये कोपनहेगनला पोलिओची जबर साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात श्वासयंत्रं होती सगळी मिळून सात, आणि साथीच्या पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले होते. तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलावण्यात आलं. शस्त्रक्रियेच्या टेबलावर भूलतज्ज्ञ जे रोज करतो तेच त्याने बारा वर्षांच्या एका मरणोन्मुख मुलीवर केलं: श्वासनलिकेत छिद्रातून नळी घातली आणि रबरी फुगा हाताने दाबून हवा आत सोडली. मुलगी वाचली. पण फुगा दाबायचा थांबवता येत नव्हता. दिवस नाही, रात्र नाही, आठवडेच्या आठवडे. मग वैद्यकाचे विद्यार्थी बोलावले गेले. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून फुगे दाबले आणि मृत्यूचं प्रमाण निम्म्याहून खाली आणलं. जगातले अतिदक्षता विभाग या घटनेतून जन्मले असं मानतात. म्हणजे अतिदक्षतेचा पहिला व्हेंटिलेटर एक विद्यार्थी होता, आणि त्याला पाळी संपली की झोप लागत असे.

पुढं डेन्मार्कमध्येच ट्रकचालकांचा संप झाला. रुग्णालयांना प्राणवायूचे सिलिंडर पोचेनात. त्या अडचणीतून सिलिंडरशिवाय, आपोआप फुगणारा फुगा हवा ही निकड जाणवली, असं सांगतात. होल्गर हेसे आणि हेनिंग रुबेन यांचा हा फुगा १९५६ मध्ये बाजारात आला. त्याला अंबू बॅग म्हणतात आणि महाराष्ट्रातल्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात 'अंबू' एवढं म्हटलं तरी शिकाऊ डॉक्टरपासून मामांपर्यंत सगळे धावतात. व्हेंटिलेटर मोकळा नाही म्हणून नातेवाइकानेच रात्रभर अंबू दाबत बसण्याची दृश्यंही आपल्या वॉर्डांना नवी नाहीत. कोपनहेगनमध्ये ती साथीतली आणीबाणी होती. इथं ती नित्याची व्हावी याला थोरवी म्हणता येत नाही.

प्राणवायूची गोष्ट आणखी वेगळी. हा वायू लोकांना पाण्यासारखा निरुपद्रवी वाटतो. १९४० च्या दशकात अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना इनक्युबेटरमध्ये हात सैल सोडून प्राणवायू दिला गेला. बाळं जगली, पण हजारोंची दृष्टी गेली. डोळ्याच्या पडद्यावरच्या कोवळ्या रक्तवाहिन्या जादा प्राणवायूने बिघडत होत्या. मेलबर्नच्या केट कँपबेल यांनी १९५१ मध्ये बोट नेमकं तिथं ठेवलं. अमेरिकन गायक स्टीवी वंडर याच लाटेतला. मग प्राणवायू आखडता घेतला, तर बाळं श्वासाविना जाऊ लागली. किती द्यायचा हे कळायला रक्तातला प्राणवायू बाहेरून मोजता यायला हवा होता. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात बोटाला लावायच्या मापकामागचं तत्त्व शोधून ती सोय केली. कोविडमध्ये घराघरात पोचलेला तो चिमटा मुळात असल्याच पेचातून सुटण्यासाठी लागत होता. महाराष्ट्रात लहान दवाखान्यांत नवजात बाळांचे विभाग वाढले तसा डोळ्यांचा हा आजार इथंही दिसू लागला. बाळाला घरी सोडण्याआधी डोळे तपासून घ्या, असा सल्ला म्हणूनच दिला जातो.

ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला आणि दोन दिवसांत गेला. अपक्व फुप्फुसांत हवेच्या पिशव्या उघड्या ठेवणारा द्रव पुरेसा नसतो, हे मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्येच दाखवलं होतं. उपाय मात्र जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसाकडेही नव्हता. तो १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी यांनी दिला, आणि आश्चर्य वाटावं इतका साधा. बाळाचा श्वास यंत्राने घ्यायचाच नाही. श्वास त्याचा त्यालाच घेऊ द्यायचा, फक्त हवेचा थोडा दाब सतत ठेवायचा, म्हणजे पिशव्या मिटत नाहीत. त्यांच्या पहिल्या २० बाळांपैकी १६ जगली. याचीच स्वस्त तऱ्हा म्हणजे श्वास सोडण्याच्या नळीचं टोक पाण्याच्या बाटलीत काही सेंटिमीटर बुडवून ठेवायचं. जितकी खोल नळी तितका दाब. बुडबुडे येताहेत म्हणजे काम चाललंय. वॉर्डात याला बबल सीपॅप म्हणतात. हे उपकरण कोपऱ्यावरच्या मिस्त्रीलाही समजेल. अवघड भाग दुसराच: नाकातली नळी सरकली नाही ना, नाकपुडीला जखम झाली नाही ना, पोट फुगलं नाही ना, हे तासातासाला पाहायचं. ते पाहते वॉर्डातली सिस्टर.

या सगळ्या काळात महाराष्ट्रातली बहुतेक आजारी मुलं मात्र अशा वॉर्डापर्यंत पोचतच नव्हती.

१९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सर्च ही संस्था सुरू केली. तिथल्या गावांत मुलं कशाने मरतात याची नोंद ठेवली तेव्हा निघालं की बालमृत्यूंपैकी सुमारे ४० टक्के न्यूमोनियाने होत होते. दवाखाना दूर, एक्स-रे त्याहून दूर. पापुआ न्यू गिनीत फ्रँक शान यांनी १९८४ मध्ये मांडलं होतं की एक्स-रे नसला तरी श्वासांची गती आणि आत ओढली जाणारी छाती पाहून न्यूमोनिया ओळखता येतो. दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास आणि त्याहून मोठ्या मुलाचे ५० किंवा अधिक, हा गडचिरोलीत वापरलेला दंडक. निदान सुटलं. प्रश्न उरला मोजणाऱ्याचा. गावात उपलब्ध होत्या त्या दाया. अनुभवाने पिकलेल्या, पण शाळेचं तोंड न पाहिलेल्या. त्यांना साठपर्यंत मोजणं जमणारं नव्हतं आणि घड्याळ वाचणं तर नाहीच.

तोड निघाली ती लाकडाची. एका चौकटीवर मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्यासाठी, एक मोठ्या मुलासाठी, आणि जोडीला एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ. घड्याळ उलटं करायचं, बाळाचं पोट बघत राहायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकवण्याची वेळ आली तर न्यूमोनिया. दहापर्यंत मोजता आलं की पुरे. या चौकटीची किंमत किरकोळ, वीज शून्य, आणि ती हातात धरणारी बाई बाळाच्या आजीला नावाने ओळखणारी.

निदानानंतर औषध. ते होतं कोट्रायमोक्झाझोल, तेव्हाचं स्वस्त, तोंडाने द्यायचं जंतुनाशक. १९८८ मध्ये ५८ गावांत हा प्रयोग सुरू झाला आणि ४४ गावं तुलनेसाठी ठेवली. १९९० मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. न्यूमोनियाच्या ६१२ मुलांवर गावातच उपचार झाले आणि त्यांच्यातल्या मृत्यूंचं प्रमाण ०.८ टक्के होतं. तुलनेच्या गावांत तेच १३.५ टक्के. पाच वर्षांखालच्या मुलांतला न्यूमोनियाचा मृत्युदर एका वर्षात हजारी १७.५ च्या तुलनेत ८.१ वर दिसला. खर्च, वाचलेल्या प्रत्येक मुलामागं औषधाचे जेमतेम अडीच-पावणेतीन डॉलर. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मुखपत्रात दायांच्या कामावर वेगळा निबंध आला. प्रशिक्षित कर्मचाऱ्यांपेक्षा दाया काही उण्या पडल्या नव्हत्या.

निरक्षर बाईच्या हाती जंतुनाशक द्यायचं का, यावर डॉक्टर मंडळींच्या भुवया उंचावणं साहजिक होतं. औषधांचा गैरवापर होईल, जंतू निर्ढावतील, अर्धवट ज्ञान घातक ठरेल. यातली एकही शंका बाष्कळ नव्हती. पण या शंका घेणाऱ्यांच्या स्वतःच्या मुलांसाठी दवाखाना कोपऱ्यावर होता. दाईला औषध न देण्याचा पर्याय म्हणजे डॉक्टरने औषध देणं असं गडचिरोलीत नव्हतं. पर्याय होता औषधच नसणं.

बंग तिथं थांबले नाहीत. १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत त्यांनी नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्या थोड्याफार शिकलेल्या बायका, म्हणजे आरोग्यदूत, बाळंतपणाला हजर राहू लागल्या. बाळ जन्मून रडलं नाही तर काय? आधी तोंडाने श्वास देणं, मग नळी आणि मास्क, मग अंबू बॅग आणि मास्क, अशा तीन तऱ्हा तिथं क्रमाने वापरल्या गेल्या आणि त्यांची तुलनाही छापली गेली. कोपनहेगनच्या विद्यार्थ्याच्या हातातला फुगा चाळीसेक वर्षांनी मातीच्या घरात, कंदिलाच्या उजेडात पोचला. जंतुसंसर्ग दिसला तर आरोग्यदूत जेंटामायसिनचं इंजेक्शनही देई, आणि यावर तर आणखी मोठा गहजब झाला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आकडा आला: तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंत ६२ टक्के घट. याच पायावर २०११ पासून देशभरातल्या गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांना घरभेटींचं काम दिलं गेलं.

मेळघाटात याच विचाराची दुसरी वाट दिसते. १९८० च्या दशकात रवींद्र कोल्हे या तरुण डॉक्टरला खेड्यात काम करायचं होतं. सेवाग्रामच्या डॉ. उल्हास जाजूंनी त्यांना बजावलं की सोनोग्राफी आणि रक्ताशिवाय बाळंतपण, एक्स-रेशिवाय न्यूमोनिया आणि सलाइनशिवाय हगवण हाताळता आली पाहिजे, तरच जा. कोल्हे बैरागडला गेले, पुढं स्मिता कोल्हेही तिथंच आल्या. बाळं न्यूमोनियाने का जातात याचं उत्तर त्यांना फुप्फुसात सापडलं नाही. ते सापडलं थंडीत उघड्या अंगांत आणि रिकाम्या पोटांत. मग दवाखान्याबरोबर शेती आणि रेशन हेही त्यांचे विषय झाले. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली.

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानंतर जिल्हा रुग्णालयांत आजारी नवजात बाळांचे खास विभाग उभे राहिले. देशातला असा आरंभीचा नमुना २००३ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलियात तयार झाला होता. कोल्हापुरात या शतकाच्या सुरुवातीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि थोरला दवाखाना त्याला जोडला गेला. तिथं आता बालरोग विभाग, शिकाऊ डॉक्टर, मध्यवर्ती प्राणवायूची नळी हे सारं आहे, आणि सिंधुदुर्गपासून सीमाभागापर्यंतचे रुग्ण तिथं येतात. खासगी बालरुग्णालयांचीही शहरात वाण नाही. साध्या घरातली आईसुद्धा आता "नेब्युलायझेशन द्यायला आणलंय" असं सहज म्हणते. बाळदम्यातल्या पंपाची भीती मात्र अजून गेलेली नाही. पंपाची सवय लागते या समजापायी फुप्फुसात मायक्रोग्रॅममध्ये जाणारं औषध टाळून तेच पोटातून कितीतरी पट देण्याचा सोस कायम आहे.

यंत्रं आली तशी यंत्रांची जोखीमही आली. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात विभागात आग लागली. सतरा बाळं होती, दहा गेली, सात वाचवता आली. त्याच वर्षी २१ एप्रिलला नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीची गळती होऊन प्राणवायूचा पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या उन्हाळ्यात कोल्हापूरमध्ये कोविड हटता हटेना. तिसरी लाट मुलांवर येणार या धास्तीने राज्याने डॉ. सुहास प्रभू यांच्या अध्यक्षतेखाली बालरोगतज्ज्ञांचं कृतिदल नेमलं, जिल्ह्याजिल्ह्यांत मुलांच्या खाटा वाढवल्या, हवेतून प्राणवायू वेगळा करणारे प्रकल्प बसवले. ती लाट मुलांवर तशी आली नाही. प्रकल्प राहिले. ते चालू ठेवणारा तंत्रज्ञ राहिला की नाही हे ठिकाणागणिक बदलतं. पाश्चात्त्य देशांत व्हेंटिलेटर, नळ्या आणि प्राणवायू पाहणारा श्वासोपचारतज्ज्ञ हा स्वतंत्र पेशा कधीचा रुळला आहे. आपल्याकडे २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने श्वसन तंत्रज्ञाला नाव आणि नोंदणी देण्याची तरतूद केली. तोवर हे काम सिस्टर, निवासी डॉक्टर आणि छाती थोपटून कफ सोडवणारे फिजिओथेरपिस्ट वाटून घेत आले आहेत, आणि बहुतेक ठिकाणी अजून तेच घेतात.

२०२१ मध्येच महाराष्ट्रातल्या नियमित लसीकरणात न्यूमोकोकसची लस आली. त्याआधी, नोव्हेंबर २०१९ मध्ये, केंद्राने 'सांस' नावाची न्यूमोनियाविरोधी मोहीम सुरू केली होती. तिच्यात आशाने श्वास मोजायचे, आणि गंभीर बाळाला दवाखान्यात पाठवण्याआधी अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस तिनेच द्यायचा असं ठरलं. गडचिरोलीच्या दायांनी जे १९८८ मध्ये केलं त्याला सरकारी शिक्का मिळायला ३१ वर्षं लागली.

ही मोहीम दरवर्षी १२ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर चालते. कोल्हापुरात याच काळात बिद्री, हमीदवाडा, कुडित्रे, शिरोळच्या कारखान्यांची धुराडी पेटलेली असतात आणि बीड, परभणीकडून आलेल्या ऊसतोड टोळ्या शिवारात उतरलेल्या असतात. पाचटाच्या कोप्या, उघड्यावरच्या तीन दगडांच्या चुली, पहाटे तीन-चारला आईबाप कोयता घेऊन फडात, आणि पोर बांधावर गोधडीत. थंडी, धूर आणि अर्धपोटी आई ही न्यूमोनियाची तिन्ही कारणं तिथं एकत्र नांदतात. आशाच्या वहीत तिच्या गावची घरं असतात. टोळीतल्या बाळाचं नाव बीडच्या कुठल्यातरी आशाच्या वहीत असतं, आणि फड संपला की कोपी पुढच्या शिवारात हलते. जिल्ह्यातल्या काही आशा आणि आरोग्यसेविका नावं यादीत नसताना या कोप्यांवर जाऊन पोरं तपासतात. कोप्या सकाळी रिकाम्या असतात, म्हणून त्या संध्याकाळी जातात. बाळ शांत असताना, झोपलं असलं तर उत्तम, कपडा वर करून, पूर्ण एक मिनिट.